कमांड तीच, घराणे वेगळे

लिनक्स वापरू लागलेल्या माणसाच्या मनात थोड्याच दिवसांत एक प्रश्न हमखास उभा राहतो. ही सिस्टिम मोफत आहे, तिचा सोर्स कोड खुला आहे, ती युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या वळणाची आहे, हे सगळे समजले; पण फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी आणि नेटबीएसडी या सिस्टिमही मोफत आहेत, खुल्या आहेत आणि युनिक्सच्याच वळणाच्या आहेत, मग त्या वेगळ्या कशासाठी राहिल्या? टर्मिनल उघडले की तिथेही कमांड त्याच: तेच एलएस, तेच सीपी, तेच ग्रेप. डेस्कटॉपवर तेच फायरफॉक्स आणि तेच लिबरऑफिस. शोधू गेले की उत्तरे बहुधा तक्त्याच्या रूपात मिळतात: हिची फाइल सिस्टिम ही, तिची ती, हिच्यात कंटेनर, तिच्यात जेल. ही उत्तरे खोटी नसतात, पण त्यांनी कुतूहल शमत नाही, कारण तक्त्यातल्या गोष्टी इकडून तिकडे जात राहतात. झेडएफएस ही फाइल सिस्टिम सन कंपनीच्या सोलारिस या सिस्टिमसाठी लिहिली गेली, 2008 साली ती फ्रीबीएसडी 7.0 मध्ये आली, आणि आज ती लिनक्सवरही चालते. मग फरक उरला कुठे? या सिस्टिम जुन्या लॅपटॉपवर आलटून पालटून वापरताना माझे असे मत बनत गेले की कोणत्या सिस्टिममध्ये काय आहे यापेक्षा तिच्यातल्या कोणत्या भागाला कोण उत्तरदायी आहे, हे विचारले की चित्र लख्ख दिसू लागते.

लिनक्स हे नेमके नाव एका कर्नलचे आहे. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्सने 1991 च्या ऑगस्टमध्ये त्याची पहिली वाच्यता केली आणि सप्टेंबरमध्ये पहिला कोड बाहेर आला. कर्नल म्हणजे प्रोसेसर, मेमरी, डिस्क, नेटवर्क यांच्यावर ताबा ठेवणारा गाभा. त्याच्यापुढे बसून माणसाला काही करायचे असेल तर टाइप केलेल्या कमांड घेणारा शेल लागतो, फायली दाखवणारी आणि हलवणारी लहान साधने लागतात, कंपायलर लागतो. ही सामग्री तोवर दुसरीकडे तयार होत होती. रिचर्ड स्टॉलमनने 1983 मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला होता, आणि 1991 पर्यंत त्या प्रकल्पाजवळ कर्नल सोडून बहुतेक सर्व काही होते. दोन्ही अर्धे भाग एकमेकांना मिळाले, पण जोडून द्यायचे काम तिसऱ्यानेच करायचे ठरले, आणि त्या तिसऱ्याला आपण डिस्ट्रो म्हणतो. पॅट्रिक वोल्करडिंगची स्लॅकवेअर 1993 च्या जुलैची. इयन मर्डॉकने डेबियन जाहीर केली ती त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये.

बीएसडीच्या, म्हणजे बर्कली सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशनच्या, घरी ही तिहेरी वाटणीच नाही. फ्रीबीएसडीचा सोर्स कोड पाहिला तर कर्नल, एलएस, सीपी, सी लायब्ररी, नेटवर्कची साधने आणि मॅन्युअलची पाने एकाच झाडावर, एकाच कोडभांडारात, एकाच गटाच्या देखरेखीखाली आहेत. कर्नलमध्ये काही बदलले आणि त्यामुळे एखाद्या लहान साधनात बदल करावा लागला, तर तेच लोक तो करतात आणि त्याची नोंद मॅन्युअलमध्येही तेच करतात. यालाच तिथे बेस सिस्टिम म्हणतात. तिच्या बाहेरचे सगळे, म्हणजे फायरफॉक्सपासून बॅश या शेलपर्यंत, पाहुणे.

या पाहुणेपणाचा प्रत्यय फार लवकर येतो. आपल्या फायलींची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवणारी छोटी स्क्रिप्ट मी डेबियनवर लिहिली होती. तिच्या पहिल्या ओळीत, लिनक्सवर सर्रास लिहितात तसा, बिन डिरेक्टरीतल्या बॅशचा पत्ता होता. फ्रीबीएसडीवर बॅश रीतसर इन्स्टॉल केलेला असूनही तीच स्क्रिप्ट चालवताना उत्तर आले: सापडत नाही. फाइल समोर दिसते आहे, बॅशही टाइप करून चालू होतो आहे, आणि तरी सापडत नाही! कारण पाहू गेले तर त्यात सगळी व्यवस्था उलगडते. फ्रीबीएसडीत बाहेरून आलेला प्रत्येक प्रोग्रॅम यूएसआर डिरेक्टरीच्या आत लोकल नावाच्या डिरेक्टरीत राहतो. त्याच्या सेटिंगच्या फायलीही तिथल्याच ईटीसी डिरेक्टरीत असतात, मुख्य ईटीसीत नसतात. बिन डिरेक्टरीत राहण्याचा मान फक्त बेस सिस्टिमच्या घरच्यांचा, आणि बॅश हे ग्नूचे अपत्य, म्हणून तो तिथे नाही. उद्या लोकल डिरेक्टरीतले सगळे पुसून टाकले तरी मागे एक पुरी, चालती सिस्टिम उरते. डेबियनवर असे करून पाहायला जागाच नाही, कारण तिथे घरचा आणि बाहेरचा हा भेदच नाही; कर्नलसुद्धा एक पॅकेज, बॅशही पॅकेज, आणि एपीटी या एकाच साधनाने सगळ्यांचे अपडेट होते. फ्रीबीएसडीतली जुनी रीत अशी की बेससाठी एक कमांड आणि पॅकेजांसाठी दुसरी. स्क्रिप्टची पहिली ओळ बदलून तिला बॅश कुठे आहे ते पाथमधून, म्हणजे प्रोग्रॅम शोधायच्या डिरेक्टरींच्या यादीतून, शोधायला लावले की ती दोन्हीकडे चालते. पण ती ओळ का बदलावी लागली हे समजणे मला त्या दुरुस्तीपेक्षा अधिक मोलाचे वाटले.

असाच दुसरा अनुभव एलएसच्या मॅन्युअलचा. डायरेक्टरीतल्या फायलींची यादी दाखवणे एवढेच या कमांडचे काम. लिनक्सवर तिचे पान उघडले की पर्यायांची लांबलचक रांग लागते: रंग कसे दाखवायचे, आकार कसा लिहायचा, क्रम कसा लावायचा, शेवटी लेखक म्हणून रिचर्ड स्टॉलमन आणि डेव्हिड मॅकेन्झी यांची नावे येतात, आणि संपूर्ण माहिती दुसरीकडे आहे असे सांगून पान संपते. ओपनबीएसडीवर त्याच कमांडचे पान पर्यायांपाशी थांबत नाही. त्यात पुढे स्टँडर्ड्स नावाचा भाग असतो आणि पॉसिक्स या मानकात नसलेले, म्हणजे मागाहून जोडलेले, पर्याय कोणते, ते अक्षरागणिक सांगितलेले असते. त्याच्याखाली हिस्टरी, आणि तिथे ही कमांड एटी अँड टीच्या युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीपासून असल्याची नोंद. नवख्या माणसाला या दोन ओळी केवढ्या उपयोगाच्या आहेत! आपण जे शिकतो आहोत ते सगळीकडे चालणारे आहे की याच घरापुरते, हे जागच्या जागी कळते. ओपनबीएसडीचे लोक मॅन्युअलमधली चूक ही प्रोग्रॅममधल्या चुकीसारखीच दुरुस्त करण्याची गोष्ट मानतात, आणि ते पानापानावर जाणवते. ग्नूच्या पानात माहिती कमी आहे असे मुळीच नाही. पण ग्नूची साधने कोणत्याही कर्नलवर चालावीत म्हणून लिहिलेली आहेत, त्यामुळे ज्या घरात ती राहायला जातील त्या घराबद्दल त्यांना बोलता येत नाही.

ही दोन वळणे कुणी बसून ठरवलेली नाहीत. युनिक्स 1969 साली बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या हातून सुरू झाले. एटी अँड टी या टेलिफोन कंपनीवर 1956 पासून सरकारी बंधन होते, तिला सॉफ्टवेअरच्या धंद्यात उतरता येत नव्हते. म्हणून युनिक्स विद्यापीठांना सोर्स कोडसकट नाममात्र दरात मिळत गेले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीत 1975 च्या सुमारास थॉम्प्सन शिकवायला आला, तिथे बिल जॉयसारखा विद्यार्थी होता, आणि 1978 पासून बर्कलीच्या सुधारणांचे टेप वाटले जाऊ लागले. व्हीआय हा संपादक तिथला, सी शेल तिथला. अमेरिकी संरक्षण खात्याच्या दार्पा या संस्थेने पैसा पुरवला आणि 1983 च्या 4.2बीएसडीमधून टीसीपी-आयपी, म्हणजे इंटरनेटवरच्या देवाणघेवाणीचे मूळ नियम, जगभर गेले. मूळ एटी अँड टीचा कोड हळूहळू बदलत जाऊन 1991 च्या नेट-2 पर्यंत जवळजवळ सगळा बर्कलीचाच झाला होता, आणि विल्यम आणि लिन जोलिट्झ या दांपत्याने उरलेल्या फायली लिहून 1992 मध्ये तो 386बीएसडी या नावाने इंटेलच्या 386 प्रोसेसरच्या साध्या पीसीवर चालवून दाखवला.

इथे कोर्टाची पायरी आडवी आली. एटी अँड टीच्या युनिक्स सिस्टिम लॅबोरेटरीज या उपकंपनीने 1992 मध्ये बर्कलीच्या कोडवर उभारलेली सिस्टिम विकणाऱ्या बीएसडीआय या कंपनीवर दावा लावला आणि पुढे विद्यापीठही त्यात ओढले गेले. 1994 च्या सुरुवातीला तडजोड झाली तेव्हा सुमारे 18,000 फायलींपैकी फक्त 3 काढून टाकाव्या लागल्या आणि काहींत किरकोळ बदल करावे लागले. तीन फायली! पण त्या तीन फायलींच्या सावटाखाली जी दोन वर्षे गेली, ती नेमकी घरोघरी पीसी पोहोचण्याची आणि इंटरनेट विद्यापीठांबाहेर पडण्याची वर्षे होती, आणि त्या काळात कोणाच्याही दाव्याबाहेर असलेले लिनक्स बिनधोक वाढत गेले. 386बीएसडी आधी हाती आले असते तर आपण बहुधा लिनक्स लिहिलेच नसते, असे टॉरवाल्ड्सने पुढे सांगितले आहे. लिनक्स सरस होते म्हणून जिंकले असे जेव्हा कोणी ठामपणे सांगते, तेव्हा मला ही दोन वर्षे आठवतात, आणि ते विधान मला पटत नाही. लिनक्सचे पुढचे यश कष्टाचे आहे. सुरुवातीची आघाडी मात्र बरीचशी वेळेने दिलेली आहे.

परवान्यांतला फरकही याच उगमांतून समजतो. बीएसडीचा परवाना थोडक्यात इतकेच म्हणतो: आमचे नाव राहू द्या, हमी मागू नका, बाकी कोडचे काहीही करा. जीपीएल, म्हणजे ग्नूचा आणि लिनक्सचा परवाना, म्हणतो की कोड घ्या, बदला, विका. पण पुढे द्याल तेव्हा सोर्स कोडही त्याच अटींवर द्या. पहिला परवाना सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या विद्यापीठात जन्मला. ज्याचा खर्च करदात्यांनी आधीच केला आहे ते सर्वांना, कंपन्यांनाही, बिनशर्त मिळावे, हा विचार तिथे साहजिक होता. दुसरा जन्मला तो एमआयटीच्या प्रयोगशाळेत आपसांत कोड वाटून घेणाऱ्यांची वहिवाट डोळ्यांदेखत बंद होताना पाहिलेल्या माणसाच्या हातून. प्रिंटरच्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड स्टॉलमनला नाकारला गेल्याची हकिगत प्रसिद्धच आहे. एकाच्या अनुभवात देणे होते, दुसऱ्याच्या अनुभवात हिरावले जाणे. परिणाम आज दिसतात. ॲपलच्या मॅकमध्ये फ्रीबीएसडीचा बराच अंश आहे, प्लेस्टेशन 4 ची सिस्टिम तिच्यावरून केलेली आहे, आणि यांतले किती परत द्यायचे हे त्या कंपन्यांच्या मर्जीवर आहे. नेटफ्लिक्स आपले चित्रपट पोहोचवणारे सर्व्हर फ्रीबीएसडीवर चालवते आणि सुधारणा आपणहून परत पाठवते, कारण दर नव्या आवृत्तीबरोबर स्वतःचे वेगळे बदल सांभाळत बसण्यापेक्षा ते सोयीचे पडते. लिनक्सच्या बाबतीत हा निर्णय मर्जीवर सोडलेला नाही. मला स्वतःला जीपीएलची अट जवळची वाटते. मोठ्या कंपन्यांशी वाटाघाट करण्याची ताकद ज्यांच्याकडे नाही, त्यांच्या वतीने ती अट आधीच वाटाघाट करून ठेवते. पण बीएसडीवाल्यांचे देणे भाबडे आहे, असे म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. टीसीपी-आयपी इतक्या सिस्टिममध्ये इतक्या लवकर रुजले ते बर्कलीचा कोड कोणालाही उचलता आला म्हणूनच.

घराबाहेर पडून वेगळी चूल मांडण्याची रीत दोन्हीकडे आहे, पण कारणे पाहण्यासारखी आहेत. नेटबीएसडी 1993 मध्ये निघाली ती जितक्या प्रकारच्या यंत्रांवर चालेल तितक्यांवर चालावी या ध्यासाने, आणि आजही पन्नासाहून अधिक प्रकारच्या हार्डवेअरसाठी तिच्या आवृत्त्या आहेत. त्या प्रकल्पातून मतभेद होऊन थिओ डी राटला 1994 च्या अखेरीस बाहेर पडावे लागले आणि 1995 मध्ये कॅनडातल्या कॅलगरीतून त्याने ओपनबीएसडी सुरू केली. सुरक्षितता हे तिचे ब्रीद. 2014 च्या एप्रिलमध्ये इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त राखणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीतला हार्टब्लीड नावाचा दोष उघड झाला तेव्हा जगाने तो दोष बुजवला. या लोकांनी तो सगळा कोड हाती घेऊन त्यातला जुनाट भाग कापून काढला आणि लिबरएसएसएल या नावाने वेगळा सांभाळायला घेतला. त्याच वर्षी ब्लूटूथचा आधार त्यांनी काढून टाकला, कारण तो नीट सांभाळायला माणसे नव्हती. बिनतारी हेडफोन वापरणाऱ्याला हे अडचणीचे आहे. पण ज्याची जबाबदारी घेता येत नाही ते घरात ठेवायचे नाही, हा निर्णय इतक्या स्वच्छपणे घेणारे दुसरे कोणी मी पाहिले नाही. ओपनबीएसडी इन्स्टॉल करताना काळ्या पडद्यावर एकेक साधा प्रश्न येतो आणि कंसात अपेक्षित उत्तर आधीच लिहिलेले असते. शेवटी अभिनंदन करून सांगितले जाते की पहिल्यांदा लॉगिन कराल तेव्हा आपली टपाल पेटी वाचा. तिथे थिओच्या नावाने एक पत्र वाट पाहत असते. मॅन्युअल कसे वाचायचे, पुढे काय काय तपासून पाहायचे, पॅकेज कसे घ्यायचे, हे ते पत्र सांगते, आणि आफ्टरबूट नावाचे एक पान वाचायला लावते. इंटरनेट नसलेल्या खोलीत बसूनही माणूस ही सिस्टिम शिकू शकेल अशी तिची रचना आहे.

जबाबदारी कोणाची हा प्रश्न जिथे फायलींपेक्षा माणसांना विचारला जातो, तिथे फरक आणखी ठळक होतात. ओपनबीएसडीत शेवटचा शब्द थिओचा. लिनक्स कर्नलमध्ये तो लिनसचा, पण त्याच्याखाली एकेका भागाच्या सांभाळकर्त्यांची मोठी उतरंड आहे. फ्रीबीएसडीत कोड लिहिण्याचा अधिकार असलेले सदस्य 2000 पासून मतदानाने 9 जणांचे गाभामंडळ निवडतात. डेबियनला तर लेखी घटना आहे, दरवर्षी प्रकल्पप्रमुखाची निवडणूक होते आणि 1997 पासून एक सामाजिक करारही आहे. सिस्टिम सुरू होताना सर्वांत आधी कोणता प्रोग्रॅम चालावा यावर डेबियनमध्ये 2014 साली जो वाद झाला, त्यात तांत्रिक समितीची मते समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टिमडीची निवड झाली; वर्षअखेरीस पुन्हा सर्वांचे मतदान झाले, आणि तरीही न पटलेल्यांनी देवुआन ही वेगळी डिस्ट्रो काढली. बाहेरून पाहणाऱ्याला ही भाऊबंदकी वाटेल. मला ती वाचताना आदर वाटला. एका प्रोग्रॅमच्या निवडीसाठी कोणी इतके खल करतात, लेखी युक्तिवाद मांडतात आणि ते सर्वांसाठी उघडे ठेवतात, हे विकत घेतलेल्या कोणत्या सिस्टिममध्ये आपल्याला दिसते?

मराठीत लिहिणाऱ्याच्या दृष्टीने मात्र हे सगळे फरक एका जागी येऊन पुसट होतात. देवनागरीतले जोडाक्षर पडद्यावर नीट उमटणे कर्नलवर अवलंबून नसते. अक्षरांची जुळणी करणारी हार्फबझ ही लायब्ररी आणि अंगभूत जुळणीचे नियम असलेला फाँट, ही दोन असली की ‘राष्ट्र’ किंवा ‘ऱ्हास’ डेबियनवर दिसते तसेच फ्रीबीएसडीवर दिसते. लोहित हा फाँटसमूह रेड हॅटचा. त्यावरचे बरेचसे काम त्या कंपनीच्या पुण्यातल्या कार्यालयात झाले, आणि खुल्या परवान्यामुळे तो कोणत्याही डिस्ट्रोला, कोणत्याही बीएसडीला घेता आला. एकदा केलेले काम सर्व घराण्यांत पोहोचते. तरी वरचा थर उतरवला की उणीव दिसतेच. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये भाषांच्या यादीत मराठी आहे, पण ती चित्रमय इन्स्टॉलरमध्ये; साध्या अक्षरी पडद्यावर निवड करू गेले तर तिथे मराठी नाही, कारण तो पडदा जोडाक्षरे जुळवू शकत नाही. ओपनबीएसडीच्या इन्स्टॉलरचे प्रश्न इंग्रजीतच आहेत. 2023 च्या सप्टेंबरमध्ये डेबियनची वार्षिक परिषद कोचीत भरली, केरळच्या शाळांनी खुल्या सॉफ्टवेअरचा अनेक वर्षे वापर केला आहे, सी-डॅकने बॉस ही आपली डिस्ट्रो डेबियनवरच उभारली आहे. आपल्याकडे फाँट आणि भाषांतर यांवर चांगले काम झाले, पण मॅन्युअलची पाने, जी या सिस्टिमचा प्राण आहेत, ती मराठीत वाचायला मिळण्याची सोय अजून व्हायची आहे, आणि तिची निकड मला फार वाटते. एलएसचे ते हिस्टरीचे टिपण सांगलीच्या किंवा नांदेडच्या अकरावीतल्या मुलीला तिच्या भाषेत का वाचता येऊ नये?

कोणती सिस्टिम घ्यावी असे विचाराल तर माझी विभागणी साधी आहे. रोजच्या लेखनाच्या लॅपटॉपवर डेबियन आहे: ड्रायव्हर सहज मिळतात, मराठी टाइप करायची साधने हाताशी आहेत आणि अडले तर मदत करणारे खूप आहेत. जुन्या यंत्रावर ओपनबीएसडी आहे, आणि माझ्या फायलींच्या प्रती तिथे ओपनएसएसएच या सुरक्षित जोडणीच्या प्रोग्रॅमने जातात. तो प्रोग्रॅम ओपनबीएसडीच्याच लोकांनी 1999 मध्ये तयार केला, आणि माझ्या डेबियनमध्येही तोच आहे.